खाच चुकीच्या जागी होती

आदरणीय अध्यक्ष पाक हेंद्रावान, व्यासपीठावरील पाहुणे, आज सेवानिवृत्त होत असलेल्या आपल्या इबू सुलास्त्री, आणि बातामच्या या कारखान्यातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

पिवळ्या भाताचा डोंगर, आपला तुम्पेंग, वाफाळतोय आणि त्याच्या नि तुमच्या मध्ये मी उभा आहे. तुमची अडचण मला कळते. थोडक्यात बोलतो.

तीन वर्षांपूर्वीची, लेबारानच्या, आपल्या ईदच्या, सुट्टीनंतरची पहिली सकाळ. पहाटेची नमाज आटोपून मी थेट इथे आलो. दहा दिवस बंद असलेला कारखाना अगदी शांत होता. चिप उचलून बसवणाऱ्या यंत्राचा हात मी तपासायला घेतला. हा हात आपण कुठे पोचलो ते क्षणोक्षणी बघतो आणि स्वतःला सावरतो. पण प्रत्येक हाताची स्वतःची एक थरथर असते, आणि सावरण्याच्या नादात कधी कधी तीच वाढत जाते. म्हणून हाताला जाणाऱ्या हुकमातून नेमकी तेवढीच कंपनं कापायची. त्याला आम्ही नॉच फिल्टर म्हणतो. तुम्ही खाच म्हणा. सेकंदाला आठशे वीस कंपनं भरली. तिथे मी अरुंद, खोल खाच पाडली. हात असा अलगद थांबला, की मी मनोमन अल्लाचे आभार मानले. मग रीतीप्रमाणे आपण सगळ्यांनी रांगेत उभं राहून एकमेकांकडे वर्षभराच्या चुकांची माफी मागितली. नवी चूक मी नुकतीच करून आलो होतो, हे कुणाला ठाऊक होतं?

सकाळच्या पाळीत एकही चिप तडकली नाही. दुपारी तडकू लागल्या. दुपारी यंत्रावर कोण? इबू सुलास्त्री.

त्या म्हणाल्या, "पाक विर्यो, दुपारी हा हात कण्हतो हो."

मी हसलो. "इबू, यंत्र कण्हत नाही. जेवून आल्यावर तुम्हालाच डुलकी लागत असेल."

"डुलकी? अहो, चार पोरं वाढवलीत मी. डुलकी कशी असते ते तरी सांगा!"

सगळे हसले, आणि त्यांच्या सेवापुस्तकात शेरा पडला: 'हात स्थिर नाही.' सही माझी. एकोणीस वर्षं यंत्र चालवलेल्या बाईंना आपण खोकी भरायला बसवलं. पुढे काम कमी होऊन दुपारची पाळीच बंद झाली, चिप तडकायच्या थांबल्या, आणि दोष त्यांचाच होता असं आपण धरून चाललो.

गेल्या महिन्यात दुपारची पाळी पुन्हा सुरू झाली. यंत्रावर दुसऱ्या बाई, तरी दुपारी चिप तडकल्याच. तेव्हा मी पहिल्यांदा दुपारी मोजलं. तापलेल्या यंत्राची कंपनं सातशे नव्वदवर उतरली होती, आणि माझी खाच आठशे वीसवरच पहारा देत उभी! दहा दिवस थंड पडलेलं यंत्र मोजून मी तापलेल्या यंत्राला औषध दिलं होतं.

खाच रुंद केली. त्यामुळे हात सावरायला किंचित उशीर होतो, म्हणून वेग थोडा उतरवला. चिप वाचल्या. पण शेऱ्याचं काय?

अध्यक्ष म्हणाले, "अहो, आठ दिवसांत त्या चालल्यात. आता कशाला उकरता?" साहेब, रागावू नका, तुम्ही तसंच म्हणालात. पण शेवटी ऐकलंत, म्हणून तुमचे आभार. आयोजकांचे आणि स्वयंपाक करणाऱ्या भगिनींचेही आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सांभाळून घ्या.

इबू, आज सकाळी आठ वाजता मी त्या शेऱ्यावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं, 'दोष यंत्र लावणाऱ्याचा.' आणि पुन्हा सही केली.