पहिला हात साहेबांचा

माझा जन्म बुवापाड्यातला, ताई, अंबरनाथच्या. वडील काडेपेटीच्या कारखान्यात होते, छप्पन साली दीक्षा घेतलेला ताठ माणूस, आम्हा पोरींना सांगायचे, हात कोणापुढं पसरायचा नाय, हाताला काम शिकवायचं. म्हणून मला शिवण आली. नवरा लवकर गेला, दोन मुली पदरात, तेव्हा उल्हासनगरला कॅम्प दोनमधे सिंधी शेठच्या कारखान्यात मशीनवर बसले ती बसलेच.

आधी जीन्स शिवायचो, मग मिलिटरीचे हातमोजे आले. जाड रबरी कापडाचे, कसली कसली जहाल औषधं हाताळताना जवान घालतो ते. काय सांगू तुम्हाला, सगळ्या आळीत सांगत फिरायचे मी, जवान सुमनबाईचे मोजे घालतो म्हणून. अंगठ्याची शिवण वळते ना, तिथं भल्याभल्यांची सुई चुकते, माझी नाय चुकली कधी. शिवणीवर सुईची भोकं राहतात, ती बुजवायला वरून सोल्युशन लावायचं, आणि ते सोल्युशन मिलिटरीच्या साहेब लोकांच्या प्रयोगशाळेतून यायचं, त्यांनीच बनवलेलं, नवीन. तेच त्यांना तपासून बघायचं होतं, आणि आमच्या हातांवर.

पहिल्यांदा रेखाला बसवलं, माझ्या बाजूच्या मशीनवरची, नुकतं लग्न झालेली. मोजा घाल नि या डब्यात हात बुडवून बस, साहेब बोलले. डब्यात काय आहे साहेब, तर काय नाय, तेलासारखं आहे. तीन बोटांची साल निघाली तिची, ताई. घास घेता येईना, नवरा भरवायचा. साहेब बोलले, ॲलर्जी आहे, घरी कुठली तरी साबणाची पावडर वापरत असेल. साबणाची पावडर! आम्ही जन्मभर त्याच पावडरीनं धुतोय.

महिन्याभरानं मोठे साहेब स्वतः आले, मागं दोघं फाइल धरून. आता माझी पाळी. इंग्रजीतला कागद, इथं सही करा. मी बोलले, वाचून दाखवा. तर बोलतात, तुम्हाला कळायचं नाय, सायन्स आहे. शेठ मधेच, अरे बाई, देश का काम है, सर्टिफिकेट मिलेगा, फ्रेम करके दूंगा. शेठ वाईट नव्हता हो, पण साहेब दिसला की कमरेत वाकायचा.

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. हात गेला की घर गेलं, मुली गेल्या. पण रेखा समोर बसलेली, बोटांना फडकं गुंडाळून. मी मोजा उचलला, तोंडानं फुंक मारून फुगवला, मनगटाशी पिळून धरला आणि पाण्याच्या बादलीत दाबला. आम्ही रोजच तसं तपासतो. अंगठ्याच्या शिवणीतून बुडबुडे, एकामागून एक. मी बोलले, साहेब, शिवण माझी आहे, ती सरळ आहे, तुमचं सोल्युशन भोक बुजवत नाय. साहेब बोलले, तेवढं चालतं. चालतं ना, मी बोलले, मग पहिला हात तुमचा. घाला.

चालू होती ती मशीनपण थांबली. शेठ नवीन मोबाईलची बटणं दाबत बसला. साहेबांनी मोजा घेतला, बघितला आणि दोन बोटांनी धरून टेबलावर ठेवला. फाइल मिटली, गेले. आणि मला लहान पोरीसारखं रडू आलं, ते गेल्यावर, रागानं. जवानाला पण हाच मोजा दिला असता ना त्यांनी, तेवढं चालतं बोलून?

नंतर सोल्युशन बदललं. आणि तपासायला प्रयोगशाळेतून लाकडाचा हात आला, पाच बोटांचा, पॉलिश केलेला. कारखान्यातल्या बायका त्याला सुमनबाईचा हात बोलतात. काळा पडला आता, किती वेळा त्या डब्यात बुडाला असेल. रेखाची बोटं भरली, पण करंगळी वाकडी राहिली. तिची कोणी माफी नाय मागितली, ते मी कधी विसरणार नाय.

माझे हात बघा, दहाच्या दहा शाबूत. दोन्ही मुलींची लग्नं याच हातांनी केली. कोणी हात बुडव बोललं, तर आधी त्याचा हात मागा, एवढंच सांगते. या, जवळ या, हा हात डोक्यावर ठेवते.