कड्यावरचा पाट

(मादेइरा बेट. फुंशाल शहरातली एक सहल-कचेरी, सकाळी दहा. व्हीलचेअरवर लिदुईना, वय त्र्याहत्तर. शेजारी तिचा नवरा बेलार्मिनो, वय अठ्ठ्याहत्तर, टोपी मांडीवर. टेबलापलीकडे कचेरीतली ओलिंदा, समोर सहलींची यादी.)

ओलिंदा : ...आणि ही नऊ नंबरची. 'सर्वांसाठी सुलभ'. डोंगरमाथ्यावरून ढग खाली दिसतात.

लिदुईना : पायऱ्या?

ओलिंदा : बेचाळीस.

लिदुईना : मग सुलभ कुणाला?

ओलिंदा : दहा नंबरला चारशे आहेत, दोना लिदुईना. आमच्याकडे सुलभ म्हणजे शेजारच्या सहलीपेक्षा सुलभ.

बेलार्मिनो : मी मघापासून सांगतोय, बोट घेऊ. समुद्र सपाट असतो.

लिदुईना : तुला काय ठाऊक? लग्नाआधी एकदा शेजारच्या पोर्तु सांतू बेटावर गेला होतास. जाताना ओकलास आणि येताना पुन्हा ओकायला नको म्हणून चार दिवस तिथेच राहिलास.

बेलार्मिनो : तेव्हा वारा होता.

ओलिंदा : बोटीचं कसं आहे, धक्क्यावरून फळी टाकतात. फळीवरून खुर्ची न्यायला दोन खलाशी लागतात. पण आधी कप्तान बाईंचं वजन विचारतो, आणि मोठ्यांदा विचारतो. मागच्या महिन्यात एक जर्मन बाई तिथूनच हॉटेलात परत गेल्या.

लिदुईना : बघ. माझं वजन मी तुला पन्नास वर्षांत सांगितलं नाही, त्या कप्तानाला सांगू?

ओलिंदा : मग सहा नंबर घ्या. बसमधून पूर्ण बेट. उतरायचंच नाही. सगळं खिडकीतून.

लिदुईना : खिडकीतून मी रोजच बघते, पोरी. आमचं घर अशा उतारावर आहे की हातातून बटाटा सुटला तर शेजारणीच्या भांड्यात जातो. मला खिडकी नको. एल्व्हियोने काय लिहिलंय ते हिला वाचून दाखव रे.

बेलार्मिनो : चष्मा नाही आणला.

लिदुईना : मग मीच सांगते. आमचा मुलगा, तिकडे इंग्लंडजवळ जर्सी बेटावर हॉटेलात स्वयंपाकी आहे. त्याच्या हॉटेलातली माणसं सुट्टीला आपल्या बेटावर येतात आणि परत गेल्यावर त्याला विचारतात, तुमच्याकडचं अमुक पाहिलंस का, तमुक पाहिलंस का. त्याला लाज वाटते. म्हणून आमच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा त्याने ही सहल भेट दिली. हवी ती एक निवडा म्हणाला. आम्ही इथे जन्मलो आणि काय पाहिलं, तर चर्च, बाजार आणि दवाखाना.

ओलिंदा : मग वर मोंतेच्या चर्चला जा ना. केबल कारचं दार जमिनीला टेकतं, खुर्ची सरळ आत. वरून फुंशाल काय दिसतं.

लिदुईना : मोंते नको.

ओलिंदा : चर्चच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. मागून रस्ता आहे.

लिदुईना : मागून रस्ता आहे हे आता सांगतेस. त्या पायऱ्या चौऱ्याहत्तर आहेत. मी एकोणतीस वर्षं दर पंधरा ऑगस्टला, तिथल्या देवीच्या सणाला, त्या गुडघ्यांवर चढले. मोंते मी इतकं जवळून पाहिलंय की प्रत्येक दगडावरचा डाग सांगेन.

ओलिंदा : नवस होता?

लिदुईना : ह्याच्यासाठी. हा पाटकरी होता. डोंगरातल्या पाटाच्या झडपा उघडायच्या, ज्याची त्याची पाण्याची पाळी सोडायची, शंख वाजवून कळवायचं. तेहेतीस वर्षं. आणि पाट कसला, तर कड्यावरचा. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला आभाळ, आणि मध्ये पाऊल मावेल एवढी वाट. मी खाली अंगणात टेबलक्लॉथवर भरतकाम करत बसायचे. वरून शंख वाजला की सुई थांबवून कपाळाला, छातीला बोटं लावत क्रूस काढायचे. शंख वाजला म्हणजे कडा ओलांडला, माणूस जिवंत आहे. दिवसातून चार वेळा.

ओलिंदा : आणि गुडघे त्यात गेले.

लिदुईना : डॉक्टरने विचारलं, तुम्ही फरश्या पुसायच्या कामाला होतात का. मी म्हटलं नाही, माझा नवरा कड्यावर होता. त्याने काहीतरी लिहून घेतलं.

बेलार्मिनो : बसची सहल वाईट नाही. मधे जेवणही देतात.

लिदुईना : मला तो पाट बघायचाय, ओलिंदा. लांबून का होईना. हा माणूस रोज पहाटे जिथे मरायला जायचा ती जागा मी एकदाही पाहिलेली नाही. तेव्हा बघवली नसती. आता तो घरात बसून रेडिओ ऐकतो, तर बघवेल.

बेलार्मिनो : तुला किती वेळा सांगितलं. तिथे खुर्ची जात नाही. शेळीसुद्धा विचार करून जाते.

ओलिंदा : सेन्योर बेलार्मिनोंचं खरं आहे. पाटांच्या सगळ्या सहलींवर आम्ही लाल फुली मारलीय. कठडे नाहीत, बोगदे आहेत, पाय घसरला की सरळ पुढच्या गावात. फक्त ही एक चौदा नंबरची सोडून. ती गेल्याच वर्षी यादीत आली.

बेलार्मिनो : चौदा कशाला बघायची. नऊ बघ परत. बेचाळीस पायऱ्या काही फार नाहीत, मी उचलून नेईन तिला.

लिदुईना : तू गॅसचा सिलिंडर उचलत नाहीस. वाच गं.

ओलिंदा : 'सेरादिन्याचा पाट. व्हीलचेअर, बाळगाडी आणि वयोवृद्धांसाठी खास. दीड किलोमीटर पूर्णपणे सपाट, रुंद, मुरमाची वाट.'

लिदुईना : कुठला पाट?

ओलिंदा : सेरादिन्या.

लिदुईना : बेलार्मिनो.

बेलार्मिनो : सेरादिन्या नावाचे पुष्कळ आहेत.

ओलिंदा : माझ्या यादीत तर एकच आहे. तुमच्याच गावाच्या वर, नाही का? दोन व्हीलचेअर शेजारी शेजारी जातात. मागच्या मंगळवारी दोन डच आजोबांनी शर्यत लावली होती.

लिदुईना : एका बाजूला खडक असेल.

ओलिंदा : एका बाजूला निळ्या फुलांची झुडपं. दुसऱ्या बाजूला रताळ्यांचे वाफे.

लिदुईना : आणि आभाळ?

बेलार्मिनो : वर असेल.

लिदुईना : मी हिला विचारतेय. कडा कुठे आहे?

ओलिंदा : कडा... कडा नाहीये, दोना लिदुईना. कडा असता तर यादीत घेतलाच नसता.

बेलार्मिनो : तेव्हा होता. नंतर भरून काढला. सरकारी काम.

लिदुईना : सरकारने आपल्या घरापुढचा खड्डा अकरा वर्षांत भरला नाही आणि तुझा कडा भरला?

बेलार्मिनो : खड्डा नगरपालिकेकडे येतो. पाट वेगळ्या खात्याकडे.

लिदुईना : बोगदा तरी आहे का? हा त्यात पोटावर सरपटत जायचा. कोपरं सोलून यायची.

ओलिंदा : बोगदा आहे. आठ पावलांचा. आवाज घुमतो म्हणून माणसं दोन-दोनदा जाऊन येतात. सेन्योर बेलार्मिनो, तुम्हाला पाणी देऊ का?

बेलार्मिनो : नको. हे माहितीपत्रक जुनं असणार. छापणारे काहीही छापतात.

ओलिंदा : गेल्या वर्षीचं आहे. फोटो मात्र जुना आहे. एका जर्मन पाहुण्याने पंचेचाळीस वर्षांपूर्वी काढलेला, त्याच्या मुलीने आम्हाला पाठवला. पाटाच्या भिंतीवर एक माणूस झोपलाय, छातीवर शंख, तोंडावर टोपी. मालकांना फार आवडला. म्हणाले, जागा किती निवांत आहे हे यापेक्षा...

बेलार्मिनो : तोंड दिसत नाही ना त्यात.

लिदुईना : इकडे दे.

ओलिंदा : दोना लिदुईना, तो कुणीही असू शकतो.

लिदुईना : कानपट्ट्यांची टोपी. गोंडा हिरवा. सगळ्या बेटावर गोंडा तांबडा किंवा तपकिरी करतात. त्या हिवाळ्यात माझ्याकडची तपकिरी लोकर संपली होती.

बेलार्मिनो : दुपारची वेळ असेल. दुपारी सगळेच झोपतात.

लिदुईना : आणि ही भिंतीला टेकवलेली कुणाची?

ओलिंदा : सायकल आहे.

लिदुईना : सायकल आहे हे दिसतंय मला. सायकल तू खाली चर्चपाशी ठेवायचास ना? पुढे कड्यावर हातापायांवर जायचास ना?

बेलार्मिनो : चर्चपाशी जागा नसायची.

लिदुईना : ज्या वर्षी खांद्याचं हाड मोडून आलास. कड्यावरून तीन हात खाली गेलास आणि झुडपाने धरलं म्हणालास. त्या वर्षी मी पायऱ्या दोनदा चढले.

बेलार्मिनो : झुडूप खरं होतं.

लिदुईना : आणि?

बेलार्मिनो : सायकलवरून गेलो त्यात. समोर कोंबडी आली.

ओलिंदा : मी सगळ्यांसाठी कॉफी घेऊन येते.

लिदुईना : तू बस, पोरी. मला साक्षीदार हवाय. आख्ख्या गावात एकाने मला सांगितलं नाही? फादरनी नाही? शेजारच्या जुदितेने नाही? ती तर पोटात वाटाणा ठेवत नाही.

बेलार्मिनो : सगळ्यांच्या वाफ्यांना पाणी मीच सोडायचो.

लिदुईना : म्हणून जुदितेला शनिवारी सकाळची पाळी.

बेलार्मिनो : तिला दोन तास जास्त द्यावे लागायचे. फादरच्या द्राक्षांना एक.

लिदुईना : का, बेलार्मिनो? एवढंच सांग. बाई होती का तिकडे?

बेलार्मिनो : कसली बाई. रताळी होती, बघितलंस ना.

लिदुईना : मग?

बेलार्मिनो : लग्नाचा पहिला आठवडा होता. तू विचारलंस, काम कसं असतं. मी खरं सांगितलं. पाटाच्या कडेने जायचं, झडपा उघडायच्या, शंख फुंकायचा. तू म्हणालीस, एवढंच? तुझा भाऊ तेव्हा कानिसालला देवमाशांच्या शिकारीला जायचा. जेवताना तुम्ही सगळे त्याच्याकडेच बघायचात. दुसऱ्या दिवशी मी म्हणालो की एके ठिकाणी जरा कडा आहे. त्या दिवशी टोमॅटोच्या सुपात मला दोन अंडी वाढलीस.

लिदुईना : दोन अंड्यांसाठी.

बेलार्मिनो : पुढच्या आठवड्यात कडा थोडा वाढवला. ऑगस्टमध्ये सांगून टाकणार होतो, शपथ घेतो. पण पंधरा तारखेला तू न सांगता मोंतेला गेलीस आणि दोन्ही गुडघ्यांतून रक्त घेऊन आलीस. मी गुडघे धुवायला बसलो. तेव्हा सांगायचं होतं. पाणी गार झालं, पट्ट्या बांधून झाल्या. मग दुसरं वर्ष आलं. आता सांगितलं तर आधीच्या पायऱ्याही वाया गेल्या म्हणशील, असं वाटायचं. जितक्या वाढत गेल्या तितकं अवघड होत गेलं.

लिदुईना : तू माझ्या मागून यायचास. उभा. प्रत्येक पायरीला थांबून. तुझे ओठ हलायचे. मी बायकांना सांगायचे, बघा, माझ्याबरोबर प्रार्थना करतो.

बेलार्मिनो : मोजत होतो.

लिदुईना : काय?

बेलार्मिनो : पायऱ्या. वाटायचं, एखाद्या वर्षी कमी भरतील.

ओलिंदा : दोना लिदुईना, घाई नाही. तुम्ही घरी जाऊन विचार करा. बोटीची सहल मी शुक्रवारपर्यंत राखून ठेवते. तुमच्या एकट्यांसाठीही करता येईल.

लिदुईना : बोट कशाला? नवस तर फळला. तेहेतीस वर्षांत हा माणूस एकदाही कड्यावरून पडला नाही. देवीच्या बाजूने काही चूक नाही. चौदा नंबर लिही.

ओलिंदा : सेरादिन्या?

लिदुईना : सेरादिन्या. गुरुवार आहे का?

ओलिंदा : गुरुवारी दहाला गाडी निघते. मागून खुर्ची वर घ्यायची सोय आहे. आणि सोबत मदतनीस येतो, खुर्ची ढकलायला. व्यायाम केलेला, दणकट गडी आहे.

लिदुईना : त्याला सुट्टी दे. हा ढकलेल.

ओलिंदा : सेन्योर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत ना?

लिदुईना : सपाट आहे म्हणालीस ना?

ओलिंदा : पूर्णपणे.

लिदुईना : मग. जायचे दीड आणि यायचे दीड. बोगदा मला दोनदा हवाय.

बेलार्मिनो : ढकलेन. मधे एका ठिकाणी जरा चढ आहे.

लिदुईना : बेलार्मिनो.

बेलार्मिनो : नाही. चढ नाही.

ओलिंदा : जेवणाचं काय लिहू? पाटाकाठी टोपली देतात. फ्लॅटब्रेड, चीज, केळी.

लिदुईना : टोपली एकच लिही. माझी. ह्याला मी घरून अंडी उकडून आणीन. एक.

बेलार्मिनो : एक पुरे.

ओलिंदा : इथे सही करा. एक शेवटचा प्रश्न, फॉर्मवर आहे म्हणून विचारते. प्रवाशांना उंचीची भीती वाटते का?

लिदुईना : लिही, तेहेतीस वर्षं वाटायची. आता बघू.

बेलार्मिनो : मी आणखी काही आणू का बरोबर? घोंगडी? गुडघ्यांवर घ्यायला?

लिदुईना : घोंगडी आण. शंख कुठे आहे?

बेलार्मिनो : कपाटावर. तुझ्या भरतकामाच्या डब्यामागे.

लिदुईना : तोही घे. आयुष्यभर लांबून ऐकला. तुझ्या त्या झोपायच्या भिंतीपाशी थांबू, तिथे वाजव.

बेलार्मिनो : वाजवेन. दम पुरला तर.

लिदुईना : फक्त वाजवायच्या आधी सांग. नाहीतर हात आपोआप क्रूस काढायला जातो.