माळावरचा आडवा जाळ

ऐका, पोरांनो. मी गवताचा अभ्यास केलेला माणूस. भुतावर माझा विश्वास नाही. निदान नसावा, असं वाटतं.

त्या साली पावसानं दडी मारली होती. भर भाद्रपदात माळावरचं गवत वाळून खडखडीत. आणि त्यातच माळढोकाच्या मादीनं अंडं घातलं. उघड्या जमिनीवर, एकच. आमच्या माळावर उरलेली मादीही तेवढी एकच. म्हणून अंधार पडल्यावर मी एकटा पश्चिमेच्या पायवाटेनं राखणीला निघालो.

निघालो, तर मागून हाक. “सायेब!”

आमचा वनरक्षक सिद्राम. आवाज त्याचाच. पण पावलांचा आवाज नाही हो! वाळल्या गवतात कुत्रं चाललं तरी करकरतं.

“सायेब, वणवा आलाय! आडवा जाळ लावा!”

पाहतो तर पश्चिम लालभडक! आडवा जाळ म्हणजे वणव्याच्या वाटेतलं गवत आपणच आधी जाळायचं. मग बाकीचा माळ वाचतो. पण अंडं त्याच पट्ट्यात होतं ना!

“तूच लाव,” मी म्हणालो.

“माझ्या हातानं पेटत नाही, सायेब.”

का पेटत नाही? त्यानं माझ्या तळहातावर काडेपेटी ठेवली. गारठलेली. आणि वळून बघतो, तर सिद्राम नाही! मग कानाशी कोणीतरी बोललं, माझ्याच आवाजात. “पुस्तकं वाचून माळ कळतो का रे? एका अंड्यापायी सगळा माळ घालवशील!”

खोटं कशाला सांगू, हे मी रोज स्वतःला म्हणतोच. काडी काढली. आता ओढणार!

तेवढ्यात चांदण्यात मादीची मान दिसली. अंड्यावर स्वस्थ बसलेली. अहो, वणव्याच्या पुढे टोळ उडतात, चंडोल उठतात. इथं एक टोळ हलत नव्हता! धुराचा वास नाही. मी झोळीतली बाटली काढली आणि काडेपेटीवर रिकामी केली.

“सर, बाटलीत पाणीच होतं ना?”

पाणीच होतं रे, बिरमल! हसा. ज्वाळा आल्या, अंगावरून गेल्या. गार! गार हो!

सकाळी अंडं जागेवर होतं. सिद्राम एसटीतून उतरला. “सायेब, मी काल सासुरवाडीला. सासूनं सोडलं तर येणार ना!”

पण वणवा खरा असता तर? अजून झोप लागत नाही.

म्हणून सांगतो, अंधारात ती वाट धरू नका. तिथं मी भेटलो, माझ्याच आवाजात ‘लाव जाळ’ म्हणालो, तरी लावू नका. तो खरोखर मीच असलो, तरीही.