नारळ मी ठेवला

मी मूळची दहिवलीकडची, लग्न होऊन खालापूरच्या बाजूला आले. मालक वारले तवा आमचा सुमित शाळेत नुकता जायला लागलेला. मंग मी मोहोपाड्याला एका कंपनीच्या कॅन्टीनमधी चपात्या लाटायला लागले, ते आजपर्यंत लाटतेच हाय. स्कूटी माझ्या कमाईची, माझ्याच नावावर. पण ताई, तुमी हे लिवून घेताय ते कुणाला दाखवणार ते आधी सांगा, कारण मागं मी चार लोकांत बोलले ते पोलिसापर्यंत गेलं, आता माझा कुणावर इश्वास नाय.

त्या दिवशी मी पहिली पाळी करून आले, जरा पडले, तर सुमितनं, सोळाचा हाय, अकरावीला, न विचारता स्कूटी काढली नि कुंभिवलीच्या वळणावर आमच्या गावातल्याच रामभाऊंना उडवलं. म्हाताऱ्याचा पाय मोडला. काय सांगू तुमाला, मला वाटलं माणूस गेलाच. पोरगा घरी येऊन कोपऱ्यात बसला.

आता आमच्यात कसं, पोरानं कुणाचं नुकसान केलं तर गावकी बसते, आईबापानं देवळात नारळ ठेवायचा नि म्हणायचं, चूक पोराची नाय, आमची. समोरच्यानं नारळ उचलला की मिटलं, पोराला मंग कुणी टोचून बोलायचं नाय. माझ्या मालकांनी पोरवयात कुणाचा तरी पेंढा पेटवला होता, तवा सासऱ्यांनी असाच ठेवलेला. मंग मी पण ठेवला. सगळ्यांसमोर म्हटलं, चावी मीच दिली, मीच म्हटलं जा. दिली नव्हती ओ. पण असंच म्हणायचं असतं. रामभाऊंच्या मुलानं नारळ उचलला, सगळे चहा पिऊन उठले.

आणि मंग पोलीस दारात. दवाखान्यातून त्यांना कळलं असंल, ते समजू शकते मी, पण हवालदार मला माझंच बोलणं म्हणून दाखवतो, चावी मीच दिली, मीच म्हटलं जा. शब्दाला शब्द. कुणी सांगितलं? रामभाऊंचा जावई तवा सारखा मोबाइल धरून उभा होता. तो म्हणतो, मावशी, मी मॅच बघत होतो. देवळात मॅच? शेजारीण पण हल्ली मला बघून दार ओढून घेते. कोण ते कळलं नाय, म्हणून मी सगळ्यांवरच संशय धरते.

पोराची केस मुलांच्या बोर्डापुढं गेली नि माझी वेगळी, कोर्टात. कायदाच तसा हाय म्हणे, लहान पोरानं गाडी चालवली तर आईबापाला आत टाकतात. वकील म्हणतात, बाई, खरं सांगा की, तुमाला न विचारता नेली हे पटलं तर तुमी सुटाल. मला ह्यात पण काय तरी डाव वाटतो. मी सुटेन नि पोराच्या माथी चोरी? वकील म्हणतात तसं काय होत नाय. त्यांचं काय जातंय म्हणायला.

बोर्डातल्या मॅडमनी सुमितला गोड आवाजात विचारलं, बाळा, चावी कुणी दिली रे? तो सरळ माझ्याकडं बघून म्हणाला, आईनं. मला राग आला ताई, लय राग आला. मीच ते बोललेले खरं, पण त्यानं इतकं सहज बोलावं?

आता माझी तारीख जवळ आली. काल जेवताना ताटाकडं बघत म्हणतो, आये, तू कोर्टात काय सांगणार गं? म्हटलं, तुला काय वाटतं, काय सांगावं? त्यानं भात कालवला. मंग म्हणाला, देवळात सांगितलं तेच सांग.

मी त्याला अजून भात वाढला.

सांगीन तेच. पोटचा हाय, देव त्याला सुखात ठेवो. फक्त आता तो आये म्हणून हाक मारतो ना, तवा मी आधी विचार करते, ह्याला माझ्याकडून काय पायजे असंल.