एक्क्याचे दहा

विस्मरणाच्या डॉक्टरांकडे नंबर लावून शिंपीणबाई लांबलचक बाकाच्या टोकाला टेकल्या होत्या. शेजारी एक म्हातारी, पलीकडे तिची लेक आणि मांडीवर लॅपटॉप घेतलेला मुलगा. बाकाला सारखे हादरे बसत होते.

"पाय हलवू नकोस रे."

"ताई, बाबा आत जाऊन किती वेळ झाला!"

"म्हणून ते बडवतोयस?"

"रमीत हरणाऱ्याच्या हातात उरलेल्या पानांचा दंड मोजायचा प्रोग्रॅम लिहितोय. चार ओळींचा तर आहे. एक्का आणि चित्रं दहा, जोकर शून्य, बाकी पानावर असेल तेवढे. बाबा मोजताना चुकतात का, इथेच सोक्षमोक्ष लावू. आई, काल हरलीस तेव्हा हातात काय उरलं होतं?"

"इस्पिकचा एक्का, बदामची राणी, किलवरची सत्ती."

"बाबांनी किती मोजले?"

"सत्तावीस."

"हाही सत्तावीसच म्हणतोय! बाबा ठणठणीत आहेत. आई, तू पण ना, उगाच राईचा पर्वत केलास. चला, घरी जाऊ."

"बस खाली."

"अगं, हिशेब बरोबर आहे त्यांचा!"

"तेच तर. लग्न झाल्यापासून माझ्या एक्क्याचा ते एकच धरत आले. तुम्ही दोघं भांडायचात, बाबा लबाडी करतात म्हणून. काल दहा धरले. मला वाटलं, चेष्टा करतायत. मी तोंडाकडे बघत राहिले, आता हसतील, मग हसतील. ते पत्ते पिसायला लागले."

बाक हलायचा थांबला.