केलरमध्ये, केलरकडे

(जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गमधलं तिसऱ्या मजल्यावरचं घर. जानेवारी. ईश्वरी नुकतीच बॉनहून परतली आहे, अंगात कोट तसाच. समोर टेबलावर तिच्या वडिलांनी, पद्माकररावांनी, आणून ठेवलेलं बोन्साय.)

ईश्वरी : नाही बाबा, हे छान नाहीये. हे अजिबात छान नाहीये!

पद्माकर : अगं, नीट बघ तरी. फांदीफांदीला पालवी आलीय. तू गेलीस तेव्हा नुसत्या काड्या होत्या. मला तर वठलंच वाटलं होतं.

ईश्वरी : वठलं नव्हतं, झोपलं होतं! मेपल आहे ते. थंडीत पानं गाळतं, झोपतं आणि वसंतात उठतं. त्याला ती झोप लागतेच. आणि तुम्ही भर जानेवारीत उठवून बसलात त्याला.

पद्माकर : मी कशाला उठवू? तू सांगितलंस तेवढंच केलं.

ईश्वरी : मी काय सांगितलं? पारा फार खाली जाणार आहे, कुंडी गोठेल, बाल्कनीतून उचला आणि खाली केलरमध्ये ठेवा.

पद्माकर : ठेवलं की. केलरकडेच ठेवलं.

ईश्वरी : केलरमध्ये हीटर नाहीये बाबा! तिथे काळोख असतो, गारठा असतो. तिथे पालवी फुटेलच कशी?

पद्माकर : काळोख कुठला? चांगलं लख्ख घर आहे. खिडकीत ठेवलं तिनं, त्या गरम हीटरच्या वर, हायझुंग का काय म्हणता त्याच्या. कुंडीला लोकरीचं कापडसुद्धा गुंडाळलं.

ईश्वरी : तिनं? कोणी तिनं?

पद्माकर : केलरनं. तळमजल्यावरची म्हातारी. दारावर पाटी आहे की तिच्या, ठळक अक्षरात.

ईश्वरी : बाबा... केलर म्हणजे तळघर!

पद्माकर : मग तळघर म्हणायचं होतंस! मराठी शब्द आहे ना त्याला? माझ्याशी बोलतानाही तुझं जर्मन 'आल्झो, गेनाऊ' चालूच. मी पाटी वाचली, बेल दाबली, झाड पुढे केलं. तिनं घेतलं.

ईश्वरी : मी तिला जन्मात केलर म्हटलं नाही, इंगेच म्हणते. माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही... पण मी रोज फोन करत होते ना? पालवी फुटलीय हे एकदा तरी सांगायचंत!

पद्माकर : मुद्दाम नाही सांगितलं. म्हटलं, आल्यावर बघून खूश होशील.

ईश्वरी : खूश? आता बाहेर ठेवलं तर ही पानं एका रात्रीत काळी पडतील. आत उबेत ठेवलं तर दमून मरेल. त्याला वाटलं, थंडी सरली. जीव धरून जे काही साठवलं होतं, ते सगळं उधळून बसलंय. फसवलंत तुम्ही त्याला!

पद्माकर : आवाज खाली कर.

ईश्वरी : नाही करणार. इथल्या पहिल्या हिवाळ्यात आणलं होतं मी ते. ऑफिस सुटलं की बोलायला चिटपाखरू नसायचं. ह्याच्याशी बोलायचे मी, ह्या झाडाशी!

पद्माकर : आणि मी कोणाशी बोलायचं?

ईश्वरी : काय?

पद्माकर : फसवलं म्हणतेस ना? तुझी आई गेल्यावर कोण म्हणालं, 'बाबा, मिरजेत एकटे नका राहू, इकडे या, आपण दोघं राहू'? आलो. घराला कुलूप घातलं, माझ्या गच्चीवरच्या कुंड्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटून टाकल्या. आणि आठवडा झाला नाही तर तू बॅग भरून बॉनला. तीन आठवडे!

ईश्वरी : काम होतं. मी काय फिरायला गेले होते?

पद्माकर : रोज फोन केलास, खरंय. झाड कसंय, माती ओली आहे ना. एकदा तरी विचारलंस, बाबा, जेवलात का? त्या केलरबाईला माझं एक अक्षरही कळत नाही. पण झाड बघायला गेलो की खुर्ची पुढे करायची, सुपाचं भांडं ठेवायची. म्हणून रोज जायचो. झाडासाठी नाही. आता बोल, काय बोलायचंय ते.

ईश्वरी : हे फोनवर का नाही सांगितलंत?

पद्माकर : तू फोन ठेवून द्यायचीस.

ईश्वरी : (कुंडीतली माती बोटानं चाचपते.)

पद्माकर : झाड मरेल का गं?

ईश्वरी : माहीत नाही. इंगेकडे मागच्या बाजूला काचेची खोली आहे. तिथे हीटर नाही, पण उजेड आहे, आणि गोठतही नाही. तिथे ठेवलं तर कदाचित जगेल. कदाचित.

पद्माकर : म्हणजे परत केलरकडे.

ईश्वरी : हो, परत केलरकडे. आणि हसू नका, माझा राग गेलेला नाही.

पद्माकर : माझा तरी कुठे गेलाय?

ईश्वरी : सोडा, कुंडी मी धरते. तुम्ही दार उघडा. ...बाबा.

पद्माकर : आता काय?

ईश्वरी : जेवलात?

पद्माकर : नाही. तुझी वाट बघत होतो.