औलीला जायचं कसं

...नाही नाही, तुम्हीच सांगा, यात माझी चूक काय? मी कधी नाही म्हटलं? जायचं ठरलंय हो, जायचं कसं ते ठरत नाहीये, एवढंच म्हणत होतो! तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं फौजेत माझं काम एकच... या गाडीत इतके जवान, त्या गाडीत इतकी खोकी, कोण कुठून कसा पोचणार. लखनौ छावणीत खुर्चीवर बसून अख्ख्या पलटणी बर्फात पाठवल्या मी! आणि बायकोला, लतिकाला, लग्नात शब्द दिलेला, बर्फ दाखवीन म्हणून... तो फ्रीझरच्या पुढे गेला नाही. आता मार्चमध्ये तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन. म्हणाली, "त्याआधी एकदा बर्फात चालायचंय. माझ्या गुडघ्यांनी. नंतर आहेतच डॉक्टरांचे."

झालं! उत्तराखंडातलं औली ठरलं आणि काढली वही. फौजी माणूस आधी पर्याय लिहितो, मग हलतो. पर्याय एक, विमान. डेहराडूनला अलगद उतरवतं, छान! पण पुढे दहा तास डोंगर आहेच की! पर्याय दोन, रेल्वेने हरिद्वार, तिथून सकाळची जोशीमठची बस. आणि धुक्यात गाडी सहा तास लेट झाली तर? बस काय आपला मामा चालवतो, थांबायला? पर्याय तीन, घरची गाडी. आमचे चिरंजीव आशिष मराठी ऐकतात, उत्तर हिंदीत देतात... "पापा, अपनी गाड़ी निशातगंज का पुल हाँफ के चढ़ती है, हिमालय चढ़ेगी?"

त्यात शेजारचे रावसाहेब! "हरिद्वारने जातो तो मूर्ख! बरेलीवरून हल्द्वानी धरा, कर्णप्रयागला निघा!" स्वतः गेलेत? छे! मेव्हणा गेला होता. कुठे? नैनीतालला! मग इथल्याच, लखनौतल्या कपूरथळा बाजारातला ट्रॅव्हलवाला... "अंकल जी, हेलिकॉप्टर करवा दें?" म्हटलं, कुठून? "देहरादून से." आणि डेहराडूनला कसं जायचं? "वो तो आप देख लीजिए." आता बोला! जायचं ठरलंय हो, जायचं कसं ते ठरत नाहीये!

आणि तो रोपवे, जोशीमठहून वर औलीला जाणारा! चालू की बंद? तिघांना फोन केले, चार उत्तरं मिळाली. मग वहीत नवं पान, 'रोपवे बंद असल्यास'. त्याखाली, जीप मिळाल्यास, न मिळाल्यास... जीपच्या चाकांना साखळ्या असल्यास, नसल्यास... लतिका चहा ठेवता ठेवता डोकवायची. "बारावं पान? आणि अजून हरिद्वारलाच?" फेब्रुवारी निम्मा सरला. तिने लोकरी मोजे घेतलेले, ते एकदाही न घालता दोनदा धुऊन वाळवले. बघून जीव तुटला हो माझा! म्हणून मी आणखी बारकाईने लिहायला लागलो.

मंगळवारी साखळ्यांची चौकशी करून घरी येतो तर दाराला कुलूप! रावसाहेब बनियनवर जिन्यात उभे, हातात आमची किल्ली आणि एक चिठ्ठी. 'सरोजबरोबर औलीला जातेय. भाजी फ्रीजमध्ये आहे.' सरोज म्हणजे कोण? रावसाहेबांची बायको! बिचारे खचलेच होते. म्हणाले, "शशिकांतराव... हरिद्वारने गेल्या हो!"

शुक्रवारी व्हिडिओ कॉल. मागे सगळं पांढरंशुभ्र, आणि मध्ये लतिका, नाक लालबुंद, पायांत ते मोजे, चालतेय... स्वतःच्या गुडघ्यांनी! डोळे भरून आले हो माझे. पण तोंडातून काय निघावं? "रोपवे चालू होता का?"

"काय माहीत! हरिद्वारला एका बाईंना विचारलं, औलीला कसं जायचं? त्या म्हणाल्या, चला आमच्याबरोबर. बसलो."

बसल्या! सतरा पानं माझी, आणि या... बसल्या!

मग म्हणते, "अहो, इथे कालपासून बर्फ पडतंय, खालचा रस्ता बंद झालाय. परत यायचं कसं, तेवढं बघता का?" वही काढली मी! अठरावं पान! रावसाहेब खुर्ची ओढून बसले, "बरेलीवरून..." म्हणून सुरूसुद्धा झाले. फोन ठेवता ठेवता लतिका म्हणाली, "आणि घाई करू नका हं. तुमच्या पद्धतीने, सगळे पर्याय नीट लिहून काढा."

तीस वर्षांत पहिल्यांदा तिला माझी पद्धत पसंत पडली.